माल लोकाइचा हाय

विमा एजंटाला दोन घरांत कोणी ‘बसा’ म्हणत नाही. एक लग्नघर आणि दुसरं आजाऱ्याचं घर. पहिल्यात तो अपशकुन असतो आणि दुसऱ्यात यमाचा कारकून. मी वाशीमला आधी खाजगी शाळेत मास्तर होतो. शाळा बंद पडली म्हणून एजंट झालो. नाव मात्र ‘मास्तर’च राहिलं. माणसांचा विमा विकत होतो तोवर लोक मला पाहून गल्ली बदलत. पुढे मोटारींचा विमा विकू लागलो तेव्हा लोक गल्ली न बदलता भांडू लागले. धंद्याच्या हिशेबात ही बढतीच होती.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची ही गोष्ट. मिलिटरीतून सुटलेले ड्रायव्हर आणि मिलिटरीनं लिलावात काढलेल्या गाड्या, हे दोन्ही आमच्या मुलखात एकदमच येऊन पोचले. रेल्वे जऊळक्याला होती. शेलूबाजार, मंगरूळपीर या बाजाराच्या गावांना ती नव्हती. कापडाचे गठ्ठे, औषधांच्या पेट्या, विड्याच्या पानांच्या करंड्या, वर्तमानपत्रं, सगळं जऊळक्याच्या फलाटावर उतरायचं आणि तिथून बैलगाडीनं रखडत जायचं. हे काम आता लहान मालमोटारींनी उचललं. एक माणूस, एक मोटार. मालक तोच, ड्रायव्हर तोच, हमालही तोच. अशा सात-आठ गाड्या त्या रस्त्यावर धावत होत्या आणि त्यांतल्या सहांना ब्रेक होते.

त्याच सुमारास सरकारचा कायदा लागू झाला. रस्त्यावर मोटार आणायची तर विमा काढलाच पाहिजे, नाहीतर खटला. हा विमा कसला, ते बाहेरच्या माणसाला थोडं सांगतो. तुमच्या मोटारीनं दुसऱ्याचं नुकसान केलं, कोणाला ठोकरलं, तर त्याची भरपाई कंपनी देणार. कायद्याची सक्ती एवढीच. तुमची मोटार खड्ड्यात गेली तर ते तुम्ही आणि खड्डा बघून घ्या. मोटारीचंही नुकसान भरून हवं असेल तर ‘पुरा विमा’, त्याचा हप्ता जास्त. मोटारीतल्या मालाचा विमा आणखी वेगळा. आणि मोटार चालवणाऱ्याच्या हातापायांचा त्याहून वेगळा. तो आमच्या कंपनीत मिळत असे, पण त्याचा फॉर्म मी कधी पाहिला नव्हता.

मंगरूळपीरचे उस्मानभाई हे माझे पहिले गिऱ्हाईक. ते पानांच्या करंड्या वाहत. त्यांना मी सगळे प्रकार समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यातला पोलिसाला दाखवायचा कागद कोणता? तेवढाच त्यांनी घेतला. तो काचेमागे लावला आणि दर्ग्यात नेऊन त्यावर अत्तर शिंपडून आणलं. अत्तरानं शाई पसरली. महिन्याभरात शिपायानं, कागदावरचा नंबर वाचता येत नाही म्हणून त्यांना पकडलं. उस्मानभाईंनी मला निरोप पाठवला की तुमचा इमा पहिल्याच परीक्षेत नापास झाला.

पण मला लिहायचं आहे ते सखारामबद्दल.

सखाराम शेलूबाजारचा. दोन भावांत वाटून काही उरणार नाही एवढी शेती, म्हणून मिलिटरीत गेला आणि इराकच्या वाळूत चार वर्षं ट्रक हाकून आला. बोलणं कमी. मोटारीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारून चाकं बघायची सवय होती. लोकांना वाटे तो प्रदक्षिणा घालतो. मिलिटरीचे साठलेले पैसे आणि बायकोच्या पाटल्या यांतून त्यानं लिलावातली एक छोटी मालमोटार घेतली होती.

बायकोचं नाव गिरजाबाई. खरं म्हणजे धंदा त्या चालवत. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोणता गठ्ठा कोणाचा हे गठ्ठ्यावरच्या व्यापाऱ्याच्या खुणेवरून ओळखत. जऊळक्याहून मोटार आली की त्या ओट्यावर उभ्या राहत आणि नुसत्या बोटानं माल वाटत. त्यांच्या हातून एकही पेटी चुकीच्या दुकानात गेल्याचं कोणी सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो बाजाराचा दिवस होता. आठवड्यानं पोलिस गाड्या तपासायला सुरुवात करणार अशी बातमी होती. सखाराम म्हणाला, कायद्यापुरता विमा द्या. गिरजाबाईंनी मध्येच विचारलं की मोटारीला काही झालं तर काय. मी म्हटलं, त्याला पुरा विमा लागतो. त्यांनी विचारलं, यांना काही झालं तर? मी म्हटलं, तो फॉर्म नागपूरहून मागवावा लागेल. त्या म्हणाल्या, मोटारीचा पुरा घेऊ. हप्ता ऐकून सखारामनं डोळे मिटले, पण नाही म्हणाला नाही.

अर्ज इंग्रजीत असे. मी प्रश्न वाचायचा, मराठीत सांगायचा, उत्तर ऐकायचं आणि इंग्रजीत लिहायचं. मालक कोण, मोटार कितीची, कधीची, हे झालं. मग एक प्रश्न आला, मोटारीतून कोणाचा माल नेणार? स्वतःचा, की भाडं घेऊन दुसऱ्याचा?

हा प्रश्न दिसायला साधा होता, पण सगळा अर्ज त्याच्यावर उभा होता. स्वतःचा माल वाहणारा माणूस महिन्यातून चार खेपा करतो. भाड्याचा माल वाहणारा रोज धावतो, घाईत धावतो, जास्त भरून धावतो. म्हणून भाड्याच्या गाडीचा दर जास्त. शिवाय अशा अर्जाला नागपूरहून लगेच मंजुरी येत नसे. गाडीची तपासणी, रस्त्याबद्दल चौकशी, यात महिना जाई. ‘स्वतःचा माल’ असं लिहिलं की तिथल्या तिथे तात्पुरता दाखला फाडून देण्याचा अधिकार मलाच होता. आमच्या भागातले सगळे एजंट तसंच लिहीत. ते चूक आहे हे माहीत नसलेला एजंट मला भेटला नाही.

मी अर्ज हातात धरून थोडा थांबलो. गिरजाबाईंनी विचारलं, “काय इचारून राह्यला थो कागद?”

मी सांगितलं.

“मंग लिवा नं. माल लोकाइचा हाय. आमचा काय, दोन पोते जवारी.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि इंग्रजीत लिहिलं, ‘स्वतःचा माल’. अक्षर चांगलं आलं. खाली ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ अशी ओळ छापलेली होती. तिच्याखाली सखारामनं सही केली. मिलिटरीत सही करायला शिकला होता, त्याचा त्याला अभिमान होता.

मी स्वतःशी म्हटलं की त्यांना आठवड्यात दाखला हवा आहे आणि मी तो दिला, याला मदत म्हणतात. त्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीचा एजंट कारंज्याकडून या रस्त्यावर येऊ लागला होता आणि त्याच्या आधी सगळ्या गाड्या गाठायच्या होत्या, हे मी स्वतःशी म्हटलं नाही.

मोटार दहा महिने चालली. कापूस वेचणीच्या दिवसांत, दुपारी, सखाराम जऊळक्याहून भरून येत होता. वाटेत एक नाला लागतो, तिथे रस्ता उतरतो आणि वळतो. वळणावर समोरून कापसाची गाडी चढत होती. सखारामनं हॉर्न दिला. बैल बुजले आणि आडवे झाले. बैलांना धडक देणं किंवा नाल्यात जाणं, एवढंच हातात होतं. तो नाल्यात गेला. जाताना मोटारीचा मागचा कोपरा बैलगाडीच्या चाकाला लागला, गाडी कलंडली आणि गाडीवान महादूचा पाय गाडीच्या धुरीच्या दांडीखाली सापडून मोडला.

सखारामचं मनगट मोडलं आणि दोन बरगड्या. तशा अवस्थेत त्यानं आणि शेतातून धावत आलेल्या बायांनी महादूला धुरीखालून काढलं, दुसऱ्या बैलगाडीत घातलं आणि मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं. मोटारीची पुढची बाजू दगडावर दुमडून इंजिन फुटलं होतं. गिरजाबाई नाल्यावर पोचल्या तेव्हा लोक गठ्ठे पाण्याबाहेर काढत होते. त्यांनी आधी विचारलं की माणसं कुठं आहेत. उत्तर मिळाल्यावर त्या काठावर उभ्या राहिल्या आणि ओले गठ्ठे खुणा पाहून वेगळे लावू लागल्या.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. पुरा विमा होता, म्हणजे मोटारीची भरपाई मिळायला हवी होती. शेलूबाजारात सगळे हेच म्हणत होते आणि माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं पाहत होते. एका दुकानदारानं मला चहा पाजला. मी तो प्यालो.

कंपनीनं कळवलं की चौकशीला नागपूरहून तपासनीस येत आहेत. मी आदल्या दिवशी सखारामकडे गेलो. हात गळ्यात बांधलेला, खाटेवर बसला होता. मी त्याला अर्जात काय लिहिलं आहे ते सांगितलं आणि म्हटलं, साहेबांना सांगायचं की कापड मी स्वतः विकायला आणलं होतं. त्यानं गळ्यातल्या हाताची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, “तुमी सांगान तसं.” मिलिटरीत चार वर्षं त्यानं असंच ऐकलं असणार. गिरजाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यांना ऐकू गेलं नसेल असं मी धरून चाललो.

तपासनीस साहेब सभ्य गृहस्थ होते. आमच्याकडचं पाणी बाधेल म्हणून पिण्याचं पाणी सोड्याच्या बाटल्यांतून बरोबर घेऊन आले होते. त्यांनी नाला पाहिला, मोटार पाहिली, मोडक्या चाकाची मापं घेतली आणि मग ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मी शेजारी. सखारामला त्यांनी वेग विचारला, हॉर्न विचारला. मग सहज विचारावं तसं विचारलं की गाडीत माल कोणाचा होता.

सखाराम म्हणाला, “माल मायाच...” आणि अडकला.

दारातून गिरजाबाई बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. “माल लोकाइचा होता साहेब. आमचा कई नव्हता. मास्तरले आमी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. त्यायनं काय लिवलं थे आमाले वाचता येत नाई.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं की या बाई म्हणतात ते खरं आहे का.

मास्तर असताना मुलांना मी हजार वेळा सांगितलं असेल की खरं बोलायला अक्कल लागत नाही. त्या ओट्यावर माझी अक्कल भलतीच काम करू लागली. एजन्सी जाईल, बाकीचे सगळे अर्ज उघडतील, घरी पाच माणसं खाणारी. मी म्हणालो, “मला नीट आठवत नाही.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. सखाराम खाली बघत होता. गिरजाबाई आत गेल्या आणि साहेबांसाठी व माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. साहेबांनी नको म्हटलं. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

वाशीमला आल्यावर चार दिवस मी कोणाला भेटलो नाही. बायकोनं विचारलं, पित्त झालं का? मी हो म्हटलं. पाचव्या दिवशी मी नागपूरला पत्र लिहिलं. अर्जदारानं माल भाड्याचा असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं, तरी मी जाणून ‘स्वतःचा’ असं लिहिलं, चौकशीच्या वेळी मी खोटं बोललो, आणि यात सखारामचा दोष नाही. पत्र टाकताना वाटलं की आता एजन्सी गेली, पण त्या घराला मोटार मिळेल.

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. फार नम्र उत्तर होतं. कंपनीचं म्हणणं असं की हप्ता घेताना मी कंपनीचा माणूस होतो, पण अर्ज भरताना मी अर्जदाराचा माणूस होतो. ज्याला लिहिता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या हातानं लिहिलं, तर तो हात त्याचाच धरला जातो. सही त्याची, चूकही त्याची. म्हणून मोटारीची भरपाई नामंजूर. महादूला मात्र भरपाई दिली जाईल, कारण रस्त्यावरच्या माणसाचा हक्क कायद्यानं वेगळा राखला आहे. एकाच जागी, एकाच खुर्चीत बसून मी दोन माणसं होतो, हे मला ते पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

पत्राच्या शेवटी माझ्याबद्दल दोन ओळी होत्या. यापुढे काळजी घ्यावी. आणि या वर्षी मोटारींच्या अर्जांची माझी संख्या जिल्ह्यात सर्वांत जास्त असल्याबद्दल अभिनंदन.

मी ते पत्र घेऊन शेलूबाजारला गेलो आणि दोघांना मराठीत वाचून दाखवलं, अभिनंदनासकट. काही गाळायचं नाही असं ठरवून गेलो होतो. सखाराम म्हणाला, महादूला मिळणार ना, मग बरं. गिरजाबाईंनी विचारलं, “बाकीच्या गाड्याइचे कागद बी असेच लिवले असतीन?”

मी हो म्हणालो.

“मंग आमच्या घरी कायले बसले? त्यायच्याकडं जा.”

रागानं म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी ते गठ्ठा कोणत्या दुकानात टाकायचा हे सांगावं तसं सांगितलं.

मी गेलो. प्रत्येक मोटारवाल्याला गाठून सांगितलं की तुमचा अर्ज मी चुकीचा भरला आहे, दुरुस्त करू, हप्ता वाढेल आणि मंजुरीला महिना लागेल. दोघं कारंज्याच्या एजंटाकडे गेले. एकानं मला वाटेतच मोटारीतून खाली उतरवलं आणि पुढचं गाव पाच मैल लांब होतं. उस्मानभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, आपलाच धंदा खराब कराले घरोघर फिरणारा एजंट मी पहिल्यांदा पाह्यला.” पण त्यांनी अर्ज दुरुस्त केला, आणि या वेळी पुरा विमा घेतला. पुढच्या वर्षी त्यांना एक मडगार्ड बदलून मिळालं. माझ्या दुरुस्त अर्जांची एवढीच कमाई मला सांगता येते.

मोटार भंगारात गेली. सखाराम मनगट जुळल्यावर मंगरूळपीरच्या एका प्रवासी मोटार सर्व्हिसमध्ये पगारावर ड्रायव्हर झाला. मालक होता, नोकर झाला. त्याच्या गाडीनं मी कितीदा गेलो असेन. तो मला पुढची जागा द्यायचा, तब्येत विचारायचा, सुटण्याआधी गाडीभोवती फेरी मारायचा. त्या ओट्याबद्दल तो कधी बोलला नाही. मी एकदा विषय काढला. तो म्हणाला, “मास्तर, माया चुपच बसण्यानंच तर तुमाले नागपूरले पत्र लिवाले हिंमत झाली.” 

दोन वर्षं गेली. एके दिवशी सकाळी गिरजाबाई वाशीमला माझ्या दारात उभ्या. एकट्या, पहिल्या गाडीनं आलेल्या. मी ‘बसा’ म्हटलं. त्या बसल्या आणि पिशवीतून एक छापील कागद काढला. त्यांनी पुन्हा एक मोटार घेतली होती, जुनी, पण चालती. सखाराम नोकरी सोडून पुन्हा जऊळक्याच्या फेऱ्या करणार होता. विमा कारंज्याच्या एजंटाकडून घेत होते. अर्ज भरून झाला होता, सही व्हायची होती. मी कागद हातात घेतला आणि विचारलं की मी काय करू.

“वाचून दाखवा. आमी सांगतलं थे लिवलं हाय का, एवढं पाहा.”

मी एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर मोठ्यानं वाचलं, मराठी करून, मुलांना उतारा सांगावा तसं. माल भाड्याचा, असं लिहिलेलं होतं. चालवणाऱ्याचाही विमा मागितला होता, वेगळा फॉर्म जोडून. तो फॉर्म मी आयुष्यात प्रथम त्या दिवशी पाहिला. शेवटून तिसरा प्रश्न होता, अर्जदाराच्या हातून पूर्वी मोटारीचा अपघात झाला आहे काय? पुढे लिहिलं होतं, ‘नाही’.

मी थांबलो. हे तसंच ठेवलं तर सही आजच होते आणि उद्या दाखला मिळतो. दुरुस्त केलं तर हप्ता वाढतो, चौकशी होते आणि कदाचित अर्जच नामंजूर होतो. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मी वाचलं, “पूर्वी अपघात झाला आहे का, असं विचारलं आहे. त्यानं ‘नाही’ लिहिलं आहे.” आणि त्याचा परिणाम काय होईल, दोन्ही बाजूंनी, तेही सांगितलं.

गिरजाबाईंनी कागद परत घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला. म्हणाल्या, “झाला हाय त झाला हाय. त्याले लिवाले लावते.”

मी म्हटलं, मी विमा देऊ का? आता मी बरोबर लिहितो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मिनिटभर विचार करत असाव्यात असं मला वाटलं, पण ते मला वाटलेलं असेल.

“नाई मास्तर,” त्या म्हणाल्या. “इमा त्याच्याकडूनच घेतो. वाचाले तुमच्याकडं येईन.”

आणि त्या येत राहिल्या. दर वर्षी नवा कागद आला की पहिल्या गाडीनं यायच्या, माझ्या ओट्यावर बसायच्या, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो, त्या ऐकायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत जायच्या.